बर्फ वितळेपर्यंत

आमच्या गाडीला मे महिना सोसत नसे. बाकीचं वर्षभर ती शहाण्यासारखी वागायची. पावसात गुडघाभर पाण्यातून निघायची, आणि मुंबईत ज्याला थंडी म्हणतात त्या दिवसांत एका किल्लीत सुरू व्हायची. पण एप्रिल संपत आला, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, की तिचा स्वभाव बदलायचा. भायखळा, लालबाग, कुठेही गर्दीत रांगत असताना आधी एकदा खोकायची, मग दोनदा, आणि मग सरळ मान टाकायची. मागच्या बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तरी बाईसाहेब ढिम्म.

मी या गाडीवर जन्मभर चिडले. तिच्या मालकावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, त्याहून जास्त. ते गेल्या पावसाळ्यात गेले. गाडी अजून आहे, आमच्या करी रोडच्या टॉवरखाली, ताडपत्री पांघरून उभी. आता तिच्यावर चिडायला काही कारण उरलेलं नाही, आणि त्याचाच मला राग येतो.

रोग तसा साधा होता. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीत पेट्रोल ओढून आणायला इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला एक छोटा पंप असतो. इंजिन तापलं की पंप तापतो, पंप तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही त्या पंपाला ओढता येत नाही. टाकी भरलेली आणि इंजिन उपाशी. नव्या गाड्यांना हे दुखणं नाही. आमची जुनी, सेकंडहँड घेतलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली.

मुंबईत गाडी बंद पडली की सल्ला द्यायला माणसांची वानवा नसते. कोणी म्हणे प्लग गेला, कोणी म्हणे कॉइल, कोणी रेडिएटरमध्ये ओतायला पाण्याची बाटली घेऊनच येई. आमचे हे कोणालाही उत्तर देत नसत. आधी तापमानाचा काटा बघायचे. तो मध्यावर असला तर रेडिएटर नाही. मग प्लगची वायर काढून ठिणगी बघायचे. ती पडली तर कॉइल नाही. मग पंपाला एक बोट लावायचे, झटक्यात मागे घ्यायचे आणि म्हणायचे, "पंप." एवढंच. मी किल्ली फिरवत बसले असले तर आणखी एक वाक्य मिळे: "चोक ओढू नकोस." चोक ओढला की नंतर पेट्रोल जास्त होतं आणि दुप्पट वेळ लागतो. ही चूक मी पहिल्या उन्हाळ्यात केली होती आणि ती मला पुढे दर उन्हाळ्यात ऐकवली गेली.

उपाय एकच. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. डिकीत त्यासाठी त्यांच्या जुन्या पंच्याचा एक तुकडा कायम घडी घालून ठेवलेला असे. शेजारच्या एकाने मध्ये सांगितलं की नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले की ते उष्णता खातात. मी घरातले सगळे चिमटे नेऊन लावले. गाडी पडायची तिथेच पडली, आणि तेव्हा राहायचो त्या चाळीच्या गॅलरीतले आमचे कपडे वाऱ्याने उडून खालच्यांच्या पापडांवर पडले.

आम्ही मूळचे मालवणकडचे. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी झाल्याशिवाय आमच्या घरात कोणाला चैन पडत नाही. सुके बोंबील, जवळा, सुकट, असलाच तर थोडा बांगडा. पाऊस लागला, ताजी मासळी बंद झाली की यावर निभवायचं. बाजारातलं यांना चालत नसे. त्यासाठी कफ परेडला मच्छीमार नगरात जायचं, आणि तेही एकाच कोळणीकडे. ती बोंबील दोन बोटांत मोडून दाखवायची, कट्‌ आवाज आला तरच घ्यायचे. दरवर्षी मेमधला एक रविवार या कामाचा. घरून कोणी यायला तयार नसे, कारण परत येताना गाडी बंद पडणार हे सगळ्यांना माहीत, आणि मागे डिकीत सुकी मासळी तापलेली असताना बंद गाडीत बसून बघा एकदा. म्हणून मी आणि हे, दोघंच.

कोळणीला गाडीचं दुखणं पाठ होतं. मासळी बांधून झाली की ती विचारायची, "दादा, गाडीला बर्फ देऊ ना?" ताज्या मासळीच्या पाटीतला बर्फाचा एक लठ्ठ तुकडा ती पिशवीत घालून द्यायची. गाडी पडली की हे तो फडक्यात गुंडाळून पंपावर ठेवत आणि आत येऊन बसत. मग नियम असा, की बर्फ पूर्ण वितळल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. मी मध्येच म्हणायचे, बघू या का एकदा? तर म्हणायचे, "अजून आहे."

आणि त्या वेळात आम्ही बोलायचो.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्न होऊन मी आले ती एका खोलीत. सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद. त्या खोलीत नवरा-बायकोला भांडायचं असलं तरी कुजबुजत भांडावं लागे, आणि कुजबुजत भांडण होत नाही, करून बघा. यांचा स्वभाव मुळातच मुखदुर्बळ. शिवडीला गोदामात मालाची ने-आण बघायचे, दिवसभर ट्रकवाल्यांशी ओरडून घसा संपायचा, घरी आले की "वाढ" आणि "पंखा लाव" एवढीच शिल्लक. मी दादरला ऑफिसात, संध्याकाळी येऊन स्वयंपाकाला जुंपलेली. महिनेच्या महिने आम्ही एकमेकांशी भाजीपाल्यापलीकडे बोललो नसू.

पण गाडी बंद पडली की हा माणूस बोलायचा. समोर बॉनेटचा पत्रा उभा, म्हणजे रस्ता दिसायचा नाही आणि एकमेकांकडे बघायचीही सक्ती नाही. त्या पत्र्याकडे बघत त्यांनी मला सांगितलं की गोदाम बंद झालंय आणि ते रोज डबा घेऊन निघतात ते नुसते शिवडीच्या खाडीवर जाऊन बसतात. त्या पत्र्याकडे बघत मी त्यांना सांगितलं की तुमच्या आईचं बोलणं मला आता सोसत नाही. त्यावर ते म्हणाले, "ती मलाही बोलते." मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मुलाचं नाव आम्ही त्याच गाडीत ठरवलं, बारशाला आत्याने ठेवलं ते फक्त म्हणायला. चाळ पाडून टॉवर करायला सही द्यायची की नाही, हेही तिथेच ठरलं.

टॉवरमध्ये खोल्या झाल्या. सासू-सासरे तोवर गेले होते, दीर-नणंद आपापल्या घरी. आता दार लावून बोलायला काय हरकत होती? पण सवय मोडली होती. दार लावलं की आम्ही दोघं टीव्ही बघायचो. बोलणं गाडीतच राहिलं, मे महिन्याचं.

मग यांना ते दुखणं लागलं. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं. गिरगावातल्या एका हॉस्पिटलात जावं लागायचं. गाडी आता मी चालवत होते, त्यांनीच शिकवलेली. टॅक्सी करा म्हणून मुलगा सांगायचा, पण यांना दुसऱ्याच्या गाडीत मळमळायचं, आणि आपल्या गाडीत नाही असा त्यांचा हट्ट होता. मार्चमध्येच त्या वर्षी ऊन तापलं. एकदा परत येताना भायखळ्याला भर रस्त्यात गाडीने मान टाकली. हे शेजारच्या सीटवर, उलटी आवरत, तोंडाला रुमाल लावून. मागून बस, टेम्पो, सगळे बोंबलतायत. बर्फ नाही, फडकं वाळलेलं. मी बाटलीतलं त्यांच्या प्यायचं पाणी पंपावर ओतलं आणि त्या दिवशी ठरवलं, की पुरे झालं.

लालबागच्या गॅरेजवाल्याला मी बॉनेट उघडून दाखवलं. तो म्हणाला, "आंटी, हा पंप काढून टाका. मागे टाकीपाशी इलेक्ट्रिकचा लावतो. हा ओढतो, तो ढकलतो. ढकलणाऱ्याला वाफेचं टेन्शन नाय. कार्बोरेटरच्या खाली जाड पॅकिंग टाकतो, नळी एक्झॉस्टपासून लांब घेतो. मे महिन्यात पण मक्खन चालेल." आणि वर म्हणाला, "काकांना मी किती वर्षं बोलतोय. ते बोलतात, राहू दे रे, चालतंय."

मी तिथेच भडकले. इतकी वर्षं उन्हात करपले, आणि यावर उपाय होता? आमचे हे चिकट होते हे खरं आहे. एक टायर घ्यायचा तर चार दुकानं फिरायचे. तेव्हा मला तेवढंच कारण सुचलं.

काम झालं. जुना पंप होता तिथलं भोक एका सपाट पत्र्याच्या चकतीने बंद केलं. किल्ली फिरवली की मागून नव्या पंपाची बारीक टिकटिक ऐकू यायची. मी भर दुपारी एकटी शिवडीपर्यंत गेले, ट्रकांच्या रांगेत मुद्दाम अडकून राहिले, परत आले. एक खोकला नाही. मी जिंकल्यासारखी घरी आले आणि यांना खाली घेऊन गेले. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. त्या चकतीवरून बोट फिरवलं, इकडून तिकडे. "बरं केलंस," म्हणाले, आणि लिफ्टकडे वळले. मला वाटलं, आजारी माणूस, कौतुक करायचं त्राण कुठलं.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलं की औषधं आता थांबवू या. त्रास होऊ नये एवढं बघू. आम्ही "हो" म्हटलं, आभार मानले, खाली आलो, गाडीत बसलो. काय बोलावं याची मी जुळवाजुळव करत होते. गिरगावातून निघालो तेव्हा जुळत नव्हतं, भायखळ्याला थोडं जुळलं, आणि वाक्य तोंडाशी येईतो आम्ही पार्किंगमध्ये पोचलो होतो. गाडी एकदाही खोकली नाही. मक्खन. वर गेलो. सुनेने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? हे म्हणाले, "पंखा वाढव जरा."

त्यानंतर त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. मुलाशी नाही, माझ्याशी नाही. पेपर वाचायचे, कुशीवर वळून पडायचे. मी पाय चेपत बसले की ते डोळे मिटून घ्यायचे. मला त्या दिवसांत एकच हवं होतं. या माणसाने मला काहीतरी सांगितल्याशिवाय जाऊ नये. काय सांगावं, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण इतकी वर्षं संसार करून तो मुकाट्याने निघून गेला असता, तर मी त्याला कधी माफ केलं नसतं. आणि दिवस चालले होते. ताट जेमतेम उष्टावून परत येत होतं, लेंग्याची नाडी रोज थोडी आत चालली होती.

मे उजाडला, आणि एका रविवारी सकाळी ते उठून बसले. "बोंबील आणायला जायचंय."

मुलगा म्हणाला, बाबा, मी मागवतो, घरी आणून देतात. सून म्हणाली, एवढ्या उन्हात कशाला. ज्या माणसाला वरणाचं पाणी पचत नव्हतं तो सुक्या मासळीला निघाला होता. मी कोणाशी वाद घातला नाही. त्यांचा शर्ट काढून दिला, तो खांद्यावरून घसरत होता, आणि किल्ली घेतली.

कोळणीने त्यांना गाडीतून उतरताना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. पण बाई शहाणी. काही विचारलं नाही. स्टूल पुढे केलं आणि एकेक बोंबील मोडून दाखवत बसली, नेहमीपेक्षा सावकाश. मी हळूच म्हटलं, थोडेच घेऊ या. खाणार कोण? हे म्हणाले, "दरवर्षी घेतो तेवढेच." जवळाही तेवढाच, सुकटही तेवढीच. मला तिथे उन्हात उभं राहवेना. येणारा सगळा पावसाळा तो माणूस माझ्यापुरता बांधून घेत होता.

निघताना ते तिला म्हणाले, "बर्फ?"

"अहो, आता नको बर्फ," मी म्हटलं. "गाडी नीट झालीय ना."

"असू दे," म्हणाले. बर्फाची पिशवी त्यांनी डिकीत ठेवू दिली नाही, मांडीवर घेतली. त्यांचा लेंगा भिजत होता.

गर्दी होती, ऊन मरणाचं होतं, गाडी मजेत चालली होती. भायखळा मागे टाकून चिंचपोकळीच्या अलीकडे एका जुन्या गिरणीची भिंत आहे, तिथे शिरीषाचं मोठं झाड आहे. मागे आमची गाडी कितीतरी वेळा तिथे पडलेली. झाड दिसलं आणि हे म्हणाले, "बाजूला घे."

"काय होतंय? मळमळतंय का?"

"नाही. गाडी तापलेय."

मी काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर. इंजिनाचा आवाज एकसारखा. मी तोंड उघडलं होतं, अहो, काय तापलेय, काही तापलेलं नाही, एवढं काम करून घेतलंय ते कशाला. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, बर्फाची पिशवी दोन्ही हातांनी धरून. गाडीच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोललेला नव्हता.

मी गाडी झाडाखाली घेतली आणि किल्ली बंद केली. "हो," म्हटलं, "गरम लागतेय खरी."

डिकीतून पंच्याचा तुकडा काढला, बर्फ त्यात गुंडाळला, बॉनेट उघडलं. आणि तशीच उभी राहिले, कारण फडकं ठेवायला पंपच नव्हता. मग त्या चकतीवर ठेवलं. आत येऊन बसले. समोर पत्रा उभा होता.

त्यांनी ओले हात लेंग्याला पुसले. मग म्हणाले, "पेट्रोलात हल्ली काय काय मिसळतात. लगेच उकळतं."

"हो ना," मी म्हटलं.

"डॉक्टर म्हणाला ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

मागून गाड्या जात होत्या. डिकीतून बोंबलांचा वास पुढे आला होता. आणि मग ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलले. ती बोली ते फक्त आईशी बोलायचे, आई गेल्यापासून मी ती त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"मी घाबारलंय गो."

मी त्यांचा हात धरला. बर्फाने गार पडला होता. "मी पण," म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच थोडे हसले. "मग बरं," म्हणाले. "मला वाटलं, मी एकटाच."

मग बोलले. कधी थांबून, कधी धाप लागत. शेवटी हॉस्पिटलात नको, घरी असू दे. मुलासमोर रडू नकोस, तो भित्रा आहे, माझ्यावर गेलाय. जवळा आधी संपव, बोंबील टिकतात, पण मधून मधून ऊन दाखव. तू नसतीस तर मी त्या खाडीवरून परत आलो नसतो, असंही म्हणाले, अगदी जवळ्याच्या आणि उन्हाच्या मधोमध, तितक्याच साध्या आवाजात. मी रडत होते आणि "हो" म्हणत होते.

एक स्कूटरवाला थांबला, खिडकीत वाकला. "क्या हुआ आंटी, कॉइल गया क्या?"

रस्त्यावरच्या माणसाला कधी उत्तर न देणारे आमचे हे त्याला म्हणाले, "नाही रे बाबा. गरम झालेय फक्त. होईल थंड."

तो गेला. त्यांनी डोकं दाराला टेकवलं. थकले होते, ओठ सुकले होते. घरी न्यायला हवं होतं हे मला कळत होतं.

"वितळला का बघ," ते म्हणाले.

मी उतरले, पुढे गेले. फडकं उचललं. त्यात काही नव्हतं. नुसतं पाणी, तेही कोमट, इंजिनावरून ओघळून खाली मातीत जिरत होतं. मी फडकं तसंच परत ठेवलं आणि त्यांच्या खिडकीपाशी आले.

"नाही," मी म्हटलं. "अजून आहे."

"बरं," ते म्हणाले.

मी बॉनेट उघडंच ठेवलं आणि आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले.